शेठच्या गाडीतली माझी स्प्रिंग

माझ्या डाव्या खांद्याच्या हाडात एक प्लेट बसवलेली आहे. ती थंडीत दुखते, असं घरचे समजतात. थंडीचा काही संबंध नाही. समोर कुणी शेठचा विषय काढला की ती दुखते.

शेठ म्हणजे आमच्या डर्ट बाइकवाल्या ग्रुपचा पुढारी. चऱ्होलीचा, जमीनवाला. सगळेच त्याला शेठ म्हणायचे, म्हणून इथेही तेच म्हणते. याहून जास्त मान त्याला द्यायची माझी इच्छा नाही. त्याच्या घरच्या शेतावर एका बिल्डरने आसपासच्या बेसमेंटमधली माती आणून टाकली होती. शेठने ती जेसीबीने सारखी करून तिथे ट्रॅक केला होता. वळणं, चढउतार आणि शेवटी एक मोठी उडी. रविवारी सकाळी आम्ही दहाबारा जण तिथे जमायचो. कुणी कंपनीत ऑपरेटर, कुणी हिंजवडीला कॉम्प्युटरवर, आणि बायकांपैकी मी एकटी. आज त्या जागेवर सोसायटी उभी आहे. मी जिथे पडले तिथे लोक गाड्या लावतात.

मी तेव्हा चाकणला एका स्प्रिंग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला होते. काम सोपं आणि कंटाळवाणं. स्प्रिंग मशीनवर ठेवायची, ठरलेल्या उंचीपर्यंत दाबायची, किती जोराने ती उलटी ढकलते ते बघायचं. पास झाली की तिच्यावर रंगाचा एक ठिपका. प्रत्येक तपासणाऱ्याचा रंग वेगळा, म्हणजे उद्या तक्रार आली तर कुणाच्या हाताखालून गेली ते कळावं. या सवयीने मला पुढे तारलं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

डर्ट बाइकला मागे एकच शॉकअप असतो आणि त्यावर एकच जाड स्प्रिंग. ती चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे लागते. आणि मी काही नाजूक बाई नाही. आमच्या घरात सगळे आडदांड. माझ्या मापाचा ड्रेस शिवताना शिंपी दोनदा टेप लावून बघतो. मी आणि शेठ वजनाला साधारण सारखेच होतो, आमच्या गाड्याही एकाच मॉडेलच्या, एकाच माणसाकडून सेकंडहँड घेतलेल्या. दोघांच्याही गाडीत मुळातली मऊ स्प्रिंग होती, ती आमच्या वजनाला पुरत नव्हती. मी परदेशातून जाड स्प्रिंग मागवली. शेठ म्हणाला, मीपण मागवतो, आणि मागवली नाही.

माझी आली तेव्हा मी जेवणाच्या सुट्टीत ती कंपनीच्या मशीनवर दाबून बघितली. अगदी चोख निघाली. घरच्या वस्तूला कंपनीचा रंग लावणं बरं दिसेना, म्हणून पर्समधलं जांभळं नेलपेंट काढलं आणि स्प्रिंगच्या टोकाला, जो सपाट भाग शॉकअपच्या वाटीत बसतो आणि बाहेरून कधी दिसत नाही, तिथे एक ठिपका दिला. हौस म्हणून. मनात कुणाबद्दल संशय वगैरे काही नव्हता.

बसवायला मात्र ती शेठकडेच दिली. ग्रुपची रीतच होती तशी. कुणाचंही काम असो, ते शेठच्या शेडमध्ये व्हायचं. दुसरीकडे नेलं तर तो चार दिवस फुगून बसायचा आणि पाचव्या दिवशी ट्रॅकला कुलूप असायचं. शनिवारी गाडी सोडली, संध्याकाळी घेऊन आले. जुनी आणि नवी, दोन्ही स्प्रिंगा काळ्या, एकाच कंपनीच्या. वर छापलेला नंबर थिनरने पुसता येतो. गाडीवर मला बसवून ती किती खाली दबते त्याचं त्याने टेपने माप घेतलं आणि म्हणाला, "एक नंबर बसली ताई. उद्या उडा बिनधास्त."

मी उडाले. मोठी उडी त्या दिवसापर्यंत ग्रुपमधल्या तिघांनीच मारली होती. मी गॅस शेवटपर्यंत धरून चढले, हवेत गाडी सरळ होती, आणि खाली आले तेव्हा मागून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज झाला. शॉकअप पार तळाला जाऊन आदळला होता. सीटने मला मागून लाथ घातल्यासारखं वर फेकलं. पुढचं मला खांद्यापासून आठवतं.

शेठनेच मला त्याच्या मोठ्या गाडीत घालून भोसरीला दवाखान्यात नेलं. हे तो अजून सांगत फिरतो. दाराशी माझे वडील धावत आले तेव्हा त्यांना त्याने काय सांगितलं, तेही सांगत फिरतो. "ताई हवेत घाबरल्या. गॅस सोडला. न्हाईतर काय बी झालं नसतं."

घाबरली. हा एक शब्द तीन वर्षं माझ्या मागे फिरला. ग्रुपमध्ये फिरला, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये फिरला, लातूरला आत्याच्या घरी पोचला. वडिलांनी तो जसाच्या तसा मानला. तिकडून तरुणपणी पिंपरीत येऊन त्यांनी जन्मभर एकाच कंपनीत घाम गाळला. यंत्रावर माणूस चुकतो, यंत्र चुकत नाही, हे त्यांच्या हाडात बसलंय. त्यांनी शेठपुढे हात जोडले. माझा हात गळ्यात असताना गाडी विकून टाकली. जे झेपत नाही ते करू नये, एवढंच मला म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण हात गळ्यात बांधलेल्या माणसाला भांडायलाही जमत नाही नीट.

ज्याने गाडी घेतली त्याने वाकलेला शॉकअप नको म्हणून आमच्या घरीच टाकला. हात मोकळा झाल्यावर मी तो खोलला. स्प्रिंगच्या टोकाला जांभळं काही नव्हतं. खरवडलेलं नाही, पुसट नाही, काहीच नाही. कंपनीत नेऊन दाबून बघितली तर ती मुळातली मऊ स्प्रिंग, त्यातही दमलेली. माझी जुनी त्याने त्याच शनिवारी काढून माझ्या हातात दिली होती, म्हणजे ही त्याची. त्याने स्वतःची जुनी माझ्या गाडीत घातली होती आणि माझी नवी स्वतःच्या. त्या रविवारी सकाळी तो इतका झोकात का उडत होता, तेही तेव्हा कळलं.

ग्रुपमधल्या दोघांना हे बोलून दाखवलं. दोघांनी ऐकून घेतलं आणि एक म्हणाला, "नेलपेंटच ते, निघालं असंल. सोड ना आता." ट्रॅक कुणाच्या शेतात आहे हे दोघांना ठाऊक होतं. त्यानंतर मी कुणापुढे हा विषय काढला नाही. मूग गिळून बसले, पण ते पचले नाहीत.

मी कंपनी सोडली आणि शॉकअपचं काम शिकले. चाकणला तळेगाव रस्त्यावर एका चाचांचं गॅरेज आहे, त्यात मागचा कोपरा मी भाड्याने घेतला. लोक विचारतात, चांगली नोकरी सोडून हे कसं काय सुचलं? मी म्हणते, आवड. आवड आहेच. पण खरं कारण खुन्नस आहे. या पट्ट्यात डर्ट बाइकचा मागचा शॉकअप नीट खोलणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. शेठ त्याची गाडी तळेगावात एकाकडे टाकायचा. तो मेकॅनिक म्हातारा झाला होता. मी ठरवलं, आपण इथे चांगलं काम करत बसायचं. एक ना एक दिवस माझी स्प्रिंग स्वतःच्या चाकांवर माझ्याकडे येईल.

आणि आली. तळेगावचे ते मेकॅनिक मुलाकडे गावी निघून गेले आणि पुढच्याच महिन्यात दुपारी एक टेम्पो गॅरेजसमोर थांबला. मागे शेठची गाडी दोरीने बांधलेली, पुढे शेठ. पोट सुटलं होतं. हातात खोकं.

"काय ताई! लई नाव ऐकतो राव तुमचं." चेहरा असा साळसूद की आपलाच आपल्यावर विश्वास बसू नये. "वजन वाढलंय आपलं, जुनी स्प्रिंग बसाय लागली. नवी आणलीय, जाडी. रविवारी राजगुरुनगरच्या पुढं रेस हाय. तेवढी बदलून द्या."

मी म्हणाले, "टाका की शेठ. उद्या दुपारी किट घालून या. माप तुम्हाला बसवूनच घ्यावं लागेल."

माझा आवाज कापला नाही याचं मला अजून कौतुक वाटतं. चाचा माझ्याकडे बघत होते. त्यांना मी कधी काही सांगितलं नव्हतं, पण ज्या गिऱ्हाइकाला मी चहा विचारत नाही त्याच्यात काहीतरी आहे, एवढं ते ओळखतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काम काढलं. गाडी स्टँडवर, सीट काढली, मागची चौकट उचलून बांधली, वरचा बोल्ट, खालचा बोल्ट, आणि शॉकअप बाहेर. डिझेलने धुतला. व्हाइसमध्ये धरून वरची लॉक रिंग सैल केली. आटे मातीने गच्च झाले होते, हातोडीने हळूहळू ठोकत उघडावे लागले. रिंग मागे फिरवत गेले तशी स्प्रिंग मोकळी झाली. खालची वाटी काढली. स्प्रिंग हातात आली.

मी ती लगेच उलटी केली नाही. चाचांना म्हणाले, "चाचा, जरा या इकडे." त्यांच्यासमोर उलटी केली, टोकावरची माती अंगठ्याने पुसली. जांभळा ठिपका. तीन वर्षं वाटीत दाबला गेल्यामुळे पसरला होता, पण जांभळाच.

"ये क्या है बेटा?" चाचा म्हणाले.

"माझं नेलपेंट आहे," मी म्हणाले आणि मग त्यांना सगळं सांगितलं. सांगताना रडू येईल असं वाटलं होतं. ते आलं नाही. उलट हसू आलं, आणि ते हसू चांगलं नव्हतं.

आता ऐका, मनात काय आलं ते लपवत नाही. त्याची ती जुनी मऊ स्प्रिंग माझ्या कोपऱ्यात खिळ्याला लटकलेली होती. ती त्याच्या गाडीत घालायची. स्प्रिंगच्या वर ज्या रिंगा असतात त्या आवळत गेलं की मऊ स्प्रिंगही वरवर ताठ वाटते. माणूस बसला की गाडी हवी तेवढीच खाली बसते, टेप लावला की आकडा बरोबर. खोटं पकडायचं तर माणूस उतरवून रिकामी गाडी दाबून बघावी लागते. रिंगा अशा आवळलेल्या असल्या तर ती मागून दबतच नाही. त्याने माझ्या रिकाम्या गाडीचं हे दुसरं माप कधी घेतलंच नव्हतं. मीही घ्यायचं नाही. रविवारी राजगुरुनगरच्या पुढे, सगळ्या पब्लिकसमोर, तो उडेल आणि खाली येईल. कुणाला काही कळणार नाही. लोक म्हणतील, शेठ घाबरला.

हा बेत मला इतका आवडला की मी ती स्प्रिंग खिळ्यावरून काढून त्याच्या शॉकअपवर चढवलीसुद्धा. वाटी बसवली. रिंग हातात धरली आणि आवळायला लागले. चाचा बाहेर जाऊन एका स्कूटरचा ब्रेक बघत बसले, त्यांना साक्षीला राहायचं नव्हतं.

मग मी थांबले. दया आली म्हणून नाही. दया बिया काही आली नाही. मी विचार केला, तो पडेल, त्याचं हाड मोडेल, आणि मग? तो पडला एवढंच होईल. मी पडले तेव्हाही तेवढंच झालं होतं. कुणाला कारण कळलं नाही तर माझ्या वाट्याला काय येणार? त्याचं हाड घेऊन मी काय करू? मला त्याच्या तोंडचा शब्द हवा होता. ज्या तोंडाने त्याने मला घाबरट ठरवलं, त्याच तोंडाने, आणि माणसांसमोर.

म्हणून मी रिंगा आवळल्या नाहीत. स्प्रिंगला नुसत्या टेकवून सोडल्या. शॉकअप गाडीत बसवला, सगळे बोल्ट नीट, जोर लावून, जिथल्या तिथे. कामात चुकारपणा नको. त्याची नवी स्प्रिंग खोक्यात तशीच ठेवली. माझी फडक्याने पुसून टेबलावर उभी केली, ठिपका वर.

दुपारी वडील आले. रिटायर झाल्यापासून ते रोज माझा डबा घेऊन येतात आणि मी जेवेपर्यंत पेपर वाचत खुर्चीत बसतात. मी त्या दिवशी जेवायला उशीर केला, मुद्दाम. त्यांना म्हणाले, "अण्णा, बसा थोडा वेळ. तुमच्या ओळखीचे एक जण येणारेत."

शेठ आला तो पूर्ण किट घालून. बूट, हेल्मेट, छातीचं कवच. वडिलांना बघून त्याने हेल्मेट काढलं, वाकून नमस्कार केला. वडील उठून उभे राहिले. अजूनही! म्हणाले, "शेठ, तुमचे लई उपकार हायेत आमच्यावर." मी टेप शोधायचं निमित्त करून पाठ फिरवली, नाहीतर तिथेच काहीतरी तोंडातून निघालं असतं.

माप घ्यायला तीन माणसं लागतात. एक गाडी पुढून धरणारा, एक बसणारा, एक टेप धरणारा. चाचांनी हँडल धरलं. मी मागच्या चाकाशी गुडघे टेकून बसले. "बसा शेठ."

तो बसला आणि गाडी मागून खाली गेली. जात राहिली. मडगार्ड चाकाला टेकतो की काय इतकी. शेठने एकदा कुल्ले उचलून आपटून बघितलं. खालून शॉकअपचा तळ वाजला.

"अहो ताई, ही कुठली घातली?"

"का? काय झालं?"

"काय झालं काय! तळ लागतोय की नुसता बसून. हिच्यावर उडी मारली तर मान मोडंल माझी. माणूस मरंल ह्या स्प्रिंगवर!"

तो हे मोठ्याने बोलला. त्याला राग आला होता आणि रागात त्याचा आवाज नेहमीच मोठा होतो. चाचांनी ऐकलं, शेजारच्या टायरवाल्याने ऐकलं. वडिलांनी पेपर खाली केला.

मी उभी राहिले. गुडघे झटकले. "मरेल कसा? मी मारली होती की उडी हिच्यावर. तुमच्याच शेतात. ही तुमची स्प्रिंग आहे, शेठ. तुम्ही माझ्या गाडीत घातली होती ती. आणि ही माझी, आज सकाळी तुमच्या गाडीतून निघाली. चाचांसमोर काढली." टेबलावरची स्प्रिंग मी त्याच्यासमोर धरली. "हे जांभळं दिसतंय ते माझं नेलपेंट. तुम्ही लावता का नेलपेंट?"

टायरवाला हसला. शेठ हसला नाही. तो गाडीवरून उतरायलाही विसरला; तसाच बसून राहिला, खाली दबलेल्या गाडीवर, पाय जमिनीला टेकवून. मला वाटलं होतं तो नाकारेल. मी त्याच्या प्रत्येक नकाराला उत्तर तयार ठेवलं होतं, तीन वर्षं दुसरं काय केलं होतं? पण आत्ताच स्वतःच्या तोंडाने बोललेलं त्याला गिळता येईना.

"माझी यायला उशीर व्हता," तो म्हणाला. "आन मला वाटलं तू काय ती मोठी उडी घेणार न्हाईस. बाईमाणूस, बाजूनं जाशील खालून. आमी समदे तसंच धरून चाललो व्हतो."

म्हणजे मी घाबरेन यावर त्याचा भरवसा होता. मी घाबरले नाही, म्हणून पडले. हे त्याच्या तोंडून ऐकताना मला जे वाटलं ते सांगते: आनंद झाला. दुसरा शब्द नाही. पोटभर, निर्लज्ज आनंद.

"उतरा," मी म्हणाले. "तुमची नवी स्प्रिंग खोक्यात आहे. ती दुसरीकडून बसवून घ्या. माझी माझ्याकडे राहील."

"रविवारी रेस हाय."

"असू दे."

तो चाचांकडे बघू लागला. चाचांनी हँडल त्याच्या हातात दिलं आणि स्कूटरच्या ब्रेककडे गेले. गाडी ढकलत तो टेम्पोपर्यंत गेला. फळीवर चढवायला त्याने टायरवाल्याला हाक मारली, टायरवाल्याला ऐकू आलं नाही. एकट्याने चढवली शेवटी, दोनदा घसरून. मी दारात उभी राहून ते सगळं बघितलं, एकही क्षण चुकवला नाही.

मागे वळले तेव्हा वडील तसेच उभे होते. पेपर खाली पडला होता. त्यांचा चेहरा मी आईच्या आजारपणातही असा बघितला नव्हता. ते टेबलाजवळ आले, स्प्रिंग उचलली, जांभळ्या ठिपक्यावर बोट फिरवलं आणि परत ठेवली.

"पोरी," ते म्हणाले, "एवढं समदं झालं, आन् तू मला तवाच का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं, अण्णा. शुद्धीवर आल्या आल्या. गाडीत काहीतरी चुकीचं बसवलंय, मागून तळ वाजला, असं सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, ज्यानं तुला उचलून आणलं त्या भल्या माणसावर आळ घेऊ नकोस."

त्यांना आठवलं. ते आठवताना मी त्यांच्याकडे बघत होते. मी पुढे होऊन ‘जाऊ द्या अण्णा’ म्हणेन म्हणून ते वाट बघत राहिले. मी म्हणाले नाही.